होलसेलिंग अमेरिकेत, इथे आधी सातबारा

क्लीव्हलँड किंवा डेट्रॉइटसारख्या जुन्या अमेरिकी शहरातले एक घर डोळ्यांपुढे आणा. मालक वारला आहे, मुले दुसऱ्या राज्यात आहेत, छत गळते आहे, घराचा कर थकला आहे. एक होलसेलर या वारसांना गाठतो. डागडुजी करून घर विकले तर दोन लाख डॉलर येतील, असा त्याचा अंदाज असतो. त्याचे सत्तर टक्के म्हणजे एक लाख चाळीस हजार, त्यातून दुरुस्तीचे चाळीस हजार वजा केले की राहतात एक लाख. घरे दुरुस्त करून विकणारा गुंतवणूकदार याच्या वर जाणार नाही, हे होलसेलरला पक्के ठाऊक असते. म्हणून तो वारसांशी नव्वद हजारांत करार करतो, किरकोळ अनामत भरतो आणि घर स्वतः न घेता तो करारच गुंतवणूकदाराच्या नावे करून देतो. मधले दहा हजार डॉलर त्याचे. इथले आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण ‘सत्तर टक्क्यांचा नियम’ त्या धंद्यात सर्रास वापरला जातो.

यूट्यूबवर हा हिशेब दहा मिनिटांत समजावून सांगितला जातो. भांडवल नको, लायसन्स नको, पदवी नको, हे त्यातले सर्वांत मोहक वाक्य. नाशिक, सोलापूर, पिंपरी-चिंचवडची मुलेही हे व्हिडिओ पाहतात. बारावीनंतर किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला घरात विषय निघतो आणि आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. त्यांची भीती अनाठायी नाही. मात्र मुलाच्या ओढीतही काही खरे आहे. जमीन आणि घरांच्या व्यवहारात पैसा आहे, काम आहे आणि चांगल्या माणसांची चणचण आहे. या क्षेत्रात शिरायचे कुठल्या दाराने, हे नीट समजून घेतले पाहिजे.

आधी अमेरिकेबद्दल. लायसन्स लागत नाही, हे तिथेही आता सरसकट खरे राहिलेले नाही. इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये कायदा बदलला आणि बारा महिन्यांत एकाहून जास्त असे व्यवहार करणाऱ्याला ब्रोकरचे लायसन्स बंधनकारक केले. फिलाडेल्फिया शहराने होलसेलरसाठी वेगळा परवाना आणला, कारण गरीब वस्त्यांतल्या वृद्ध मालकांना फोन आणि पत्रांनी भंडावून त्यांची घरे मातीमोल भावात काढून घेतल्याच्या तक्रारी वाढल्या होत्या. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. साउथ कॅरोलायनाने २०२४ मध्ये याहून कडक पाऊल उचलले. शिवाय तिथे शिकायला गेलेल्या मराठी मुलांनी एक गोष्ट गाठीला बांधावी: विद्यार्थी व्हिसावर असताना रीतसर परवानगीशिवाय स्वतःचा धंदा चालवणे म्हणजे व्हिसाच्या अटींचा भंग. दहा हजार डॉलरच्या एका व्यवहारापायी शिक्षणच धोक्यात येऊ शकते.

आता हाच व्यवहार मावळ किंवा सिन्नर तालुक्यात करून पाहू.

एखाद्या शेतकऱ्याला पन्नास हजारांचा विसार देऊन विसार पावती केली, मग जास्त भावाचे गिऱ्हाईक शोधून मधला फरक खिशात घातला, असे व्यवहार आपल्याकडे होत आले आहेत. नवशिक्याने मात्र यापासून लांब राहावे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे आणि त्याचे कलम ५४ स्पष्ट सांगते की नुसत्या विक्रीच्या करारामुळे त्या मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. म्हणजे साठेखत हातात असले तरी जमीन तुमची होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हेच ठासून सांगितले: साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांच्या आधारे मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे. त्यात जमीन शेतीची असली तर १९४८च्या कूळकायद्याचे कलम ६३ आडवे येते. जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यामुळे पुढचे गिऱ्हाईक कोण, यावरच व्यवहार अडतो. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकायचे म्हटले तर १९४७चा तुकडेबंदी कायदा आहे.

आणि बहिणी. गावाकडचा व्यवहार अडकतो तो बहुतेकदा इथेच. सातबाऱ्यावर तीन भावांची नावे असतात, तिघेही सही करायला तयार असतात, विसार दिला जातो. महिन्याभराने लग्न होऊन साताऱ्याला गेलेली बहीण वकिलाची नोटीस पाठवते. ती तिच्या हक्काचेच मागते आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पुढे २००५ मध्ये तो देशभर लागू झाला आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची उरलीसुरली शंकाही मिटवली. जो एजंट बोलणी सुरू होण्याआधीच ‘बहिणींनी हक्कसोडपत्र दिले आहे का, की त्याही सही करणार आहेत?’ असे विचारतो, त्याच्या शब्दाला बाजारात वजन येते.

म्हणून या क्षेत्रातला पहिला धडा कागद वाचण्याचा. मुलाने महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपये भरून आपल्याच घरच्या किंवा मामाच्या जमिनीचा डिजिटल सहीचा सातबारा काढावा आणि टेबलावर पसरून बसावे. गाव नमुना सात म्हणजे हक्काची बाजू, नमुना बारा म्हणजे पिकाची. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, हे आधी पाहावे. वर्ग २ची जमीन सरकारी परवानगीशिवाय सहसा विकता येत नाही. मग ‘इतर हक्क’चा रकाना. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाची नोंद, न्यायालयाचा मनाई हुकूम, सगळे तिथे असते, आणि घाईत नेमका हाच रकाना वाचायचा राहतो. प्रत्येक नावाजवळ फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार काढला की हे नाव वारसाने लागले, खरेदीने की वाटणीने, ते कळते. एका सातबाऱ्यामागचे सगळे फेरफार मागे मागे जात वाचून काढले, तर मुलाला आपल्या कुटुंबाचाही शंभर वर्षांचा इतिहास सापडण्याची शक्यता आहे.

शहरातल्या मुलाने हीच तालीम फ्लॅटवर करावी. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर एखाद्या इमारतीचे इंडेक्स टू मोफत पाहता येतात. कोणता फ्लॅट कोणत्या साली किती रकमेला नोंदला गेला, त्या भागाचा सरकारी रेडी रेकनर दर किती, आणि आज मालक काय मागतो आहे, हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहीत गेले की भावाचा अंदाज येऊ लागतो. अमेरिकेतला होलसेलर ज्या कौशल्यावर पैसे कमावतो ते मुळात हेच आहे, आणि ते शिकायला कुणाची परवानगी लागत नाही.

धंदा करायला मात्र लागते. घरबांधणी क्षेत्राचे नियमन करणारा रेरा कायदा २०१६चा. त्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटाला आपल्या राज्यात महारेरा या प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीविना काम केल्यास दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो त्या सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. २०२३ पासून महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. वीस तासांचे प्रशिक्षण, त्यानंतर ऑनलाइन परीक्षा, आणि ती मराठीतूनही देता येते. मे २०२३ मधल्या पहिल्या परीक्षेला ४२३ जण बसले, त्यांतले ४०५ उत्तीर्ण झाले. अभ्यास केला तर अवघड नाही, हे यावरून दिसतेच. पण ज्यांनी प्रमाणपत्र घेतलेच नाही अशा हजारो जुन्या एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली. नव्या मुलासाठी ही संधी आहे. वर्षानुवर्षे ज्या धंद्यात चार ओळखी आणि एक मोटरसायकल पुरत होती, तिथे आता शिकलेल्या माणसाला जागा होते आहे. वैयक्तिक नोंदणीचे शुल्क दहा हजार रुपये, मुदत पाच वर्षे.

पैशांचे गणित पालकांनी मुलासोबत बसून मांडावे. फ्लॅटच्या फेरविक्रीत प्रत्येक बाजूकडून साधारण एक ते दोन टक्के दलाली, भाड्याच्या घरात साधारण एका महिन्याचे भाडे, असा रिवाज आहे. साठ लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का म्हणजे साठ हजार. ऐकायला छान वाटते. पण बऱ्याचदा दुसरा एजंट मध्ये असतो आणि रक्कम निम्मी होते. बिल्डरकडून चॅनल पार्टनरला, म्हणजे त्याचे फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटाला, मिळणारे पैसे ग्राहकाचा करार नोंदला गेल्यावर आणि त्याने ठरावीक रक्कम भरल्यावर सुटतात, त्यात दोन-तीन महिने सहज जातात. मधल्या काळात पेट्रोल, मोबाइल आणि रविवारच्या साइट व्हिजिट स्वतःच्या खिशातून. सहा महिने एक रुपयाही आला नाही तरी घर चालेल का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर थेट एजंट होण्याऐवजी एखाद्या बिल्डरच्या किंवा मोठ्या सल्लागार कंपनीच्या विक्री विभागात पगारी नोकरी धरावी. सोर्सिंग (गिऱ्हाईक आणणे) आणि क्लोजिंग (सौदा पक्का करणे) ही दोन्ही कामे तिथे दुसऱ्याच्या खर्चाने शिकता येतात.

भाडेकरारापासून केलेली सुरुवातही चांगली. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे महाराष्ट्रात सक्तीचे आहे आणि तो घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येतो. मुद्रांक शुल्क पाव टक्का, नोंदणी शुल्क शहरात एक हजार रुपये. पुण्यात हिंजवडी, वाकड, खराडीकडे आयटीतली माणसे सतत घरे बदलतात. महिन्याला असे दहा करार बिनचूक करून देणाऱ्या मुलाकडे वर्षभरात शंभरेक घरमालकांचे फोन नंबर आणि त्यांचा विश्वास जमा होतो. पुढे यांतलाच कुणी फ्लॅट विकायला काढतो तेव्हा पहिला फोन त्यालाच येतो.

ज्याला विक्रीची ओढ नाही पण जागांची आहे, त्याच्यासाठी वेगळ्या वाटा आहेत. पुण्याच्या निकमारमध्ये रिअल इस्टेट व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. सीओईपीमध्ये प्लॅनिंगची पदवी आहे. सिव्हिल किंवा आर्किटेक्चर शिकून अनुभव घेतला की नोंदणीकृत मूल्यांकनकार होता येते. वकिली शिकलेल्याला सर्च रिपोर्टचे, म्हणजे मालमत्तेची मालकी तपासून देण्याचे, काम आयुष्यभर पुरेल. प्रत्येक गृहकर्जामागे बँकेला तो लागतोच आणि तालुक्याच्या ठिकाणी हे काम मन लावून करणारे वकील हवेच असतात.

पालकांनी एक काम आवर्जून करावे. मुलगा ज्या प्रकल्पाचे काम घेणार असेल त्याची जाहिरात मागून घ्यावी. ऑगस्ट २०२३ पासून अशा जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड असणे बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, मंजूर आराखडे आणि पूर्णत्वाची तारीख समोर येते. कोड नसेल, किंवा ‘एनए प्लॉट’ (बिगरशेती) म्हणून विकायच्या जागेचा सातबारा अजून शेतीचाच असेल, तर त्या कामाला मुलाने हात लावू नये, आणि नातेवाइकांकडून टोकन तर मुळीच गोळा करू नये. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यास प्रवर्तकाला रेराने मनाई केली आहे, हेही त्याने गिऱ्हाइकाला आपणहून सांगावे. असे सांगितल्याने एखादा बिल्डर नाराज होईल. त्याला तसेच राहू द्यावे आणि दुसऱ्याचे काम घ्यावे.