उन्हाळ्याचे कापड आणि ठेंगणा, भरदार बांधा

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे १६ किलोमीटर अंतरावर पनागर हे गाव लागते. कर्कवृत्त येथून उत्तरेस फारसे दूर नाही. त्यामुळे मे आणि जून महिन्यांत दुपारचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि माणसाची सावली त्याच्या पायांशीच गोळा होते. मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाणे ही येथील नित्याची गोष्ट होय. स्थानिक लोक ज्याला ‘लू’ म्हणतात तो तप्त वारा वाहू लागला की हवा इतकी कोरडी होते की, घाम त्वचेवर दिसण्यापूर्वीच सुकून जातो. जूनच्या मध्यानंतर पाऊस येतो, उष्मा थोडा उतरतो, परंतु हवा दमट होऊन तोच घाम अंगावर चिकटून राहतो. अशा प्रदेशात कपड्यांची निवड ही केवळ हौसेची बाब राहत नाही.

वेशभूषेविषयी लिहिणाऱ्यांनी ठेंगण्या आणि भरदार बांध्याच्या स्त्रीला आजवर जो उपदेश केला, तो बहुतांशी थंड हवेच्या देशांतून आलेला आहे. गडद रंग वापरावेत, अंगासरशी बसणारे कापड घ्यावे, कंबर आवळून धरणारे अंतर्वस्त्र घालावे, दंड पूर्ण झाकावेत, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. पनागरच्या बाजारातून मे महिन्याच्या दुपारी भाजी घेऊन परतणाऱ्या स्त्रीने हा उपदेश अक्षरशः पाळला, तर ती घरी पोहोचेपर्यंत घामोळ्यांनी बेजार होईल. या उपदेशाच्या मुळाशी एक गृहीत असते, आणि तेही तपासून पाहण्यासारखे आहे. ते असे की, उंच व सडपातळ बांधा हा नियम असून ठेंगणा बांधा हा अपवाद आहे, आणि अपवादाने स्वतःला शक्य तितके लपवावे.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या जवळपास भरते. दुकानातील काचेमागे उभी असलेली लाकडी अथवा प्लॅस्टिकची पुतळी मात्र बहुधा पाच फूट आठ इंचांची असते. तेव्हा पाच फूट उंचीच्या ग्राहक स्त्रीला कुर्ता घोट्यापर्यंत आला, किंवा साडी कमरेत मावेना, तर दोष तिच्या शरीराचा नसून मापाचा आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एकदा हे मान्य केले की प्रश्न सोपा होतो. शरीर लपवण्याचा विचार मागे पडतो आणि कापड त्या शरीराच्या प्रमाणात कसे आणावे, एवढेच पाहावे लागते.

साडीचेच उदाहरण घ्यावे. आजच्या साडीचा पन्हा साधारणतः ४५ ते ४७ इंच असतो. पाच फूट उंचीच्या स्त्रीचे बेंबीपासून जमिनीपर्यंतचे अंतर ३६ इंचांच्या आसपास असते. याचा अर्थ असा की, सुमारे ९ ते ११ इंच कापड तिला कमरेच्या आत खोचावे लागते. पाच फूट पाच इंच उंचीच्या स्त्रीला हेच कापड ६ ते ८ इंचच खोचावे लागते. आता निऱ्यांचा हिशेब पाहू. ७ निऱ्या घातल्या तर कापडाचे १४ पदर एकावर एक येतात, आणि ते आत दुमडले की पोटावर वीतभर रुंदीत २८ पदर साचतात. ठेंगण्या स्त्रीच्या बाबतीत हा थर ओटीपोटाच्या खालपर्यंत उतरतो. त्याखाली नाडीने चुणून बांधलेला परकर असतो, त्याच्या चुण्या निराळ्याच. साडीत आपण जाड दिसतो अशी अनेकींची तक्रार असते. त्या जाडीपैकी बराचसा भाग कापडाचा असतो, आणि मे महिन्यात सर्वाधिक घामही तेथेच येतो.

यावरचे उपाय साधे आहेत. परकर सरळ चुणीचा न शिवता सहा कळ्यांचा शिवावा, म्हणजे कमरेशी कापड कमी आणि पायाशी घेर पुरेसा राहतो. नाडीऐवजी चपटा पट्टा व बाजूला हुक असल्यास आणखी बरे. निऱ्या सात-आठ घालण्याऐवजी पाचच, पण थोड्या रुंद घालाव्यात. त्या अगदी मध्यावर न खोचता किंचित डाव्या बाजूस खोचल्या तर पोटावरचा थर विभागला जातो. आत गेलेले कापड मुठीने कोंबून न ठेवता तळहाताने सपाट पसरून घ्यावे. या गोष्टी क्षुल्लक वाटतात खऱ्या; परंतु कोणताही गडद रंग जे साधू शकत नाही ते यांनी साधते.

काठाच्या बाबतीतही हेच प्रमाणाचे तत्त्व लागू पडते. सहा इंचांचा काठ उंच स्त्रीच्या ३९-४० इंचांच्या उभ्या रेषेत शोभतो. ३६ इंचांच्या रेषेचा मात्र तो सहावा हिस्सा खाऊन टाकतो आणि पाहणाऱ्याची नजर पायाशीच थांबते. दीड-दोन इंचांचा काठ येथे योग्य ठरतो.

जबलपूर आणि पनागर परिसरातील मराठी कुटुंबांना या संदर्भात एक जुनी आठवण असेल. हा मुलूख १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता, आणि पुढे १९५६ पर्यंत त्याची राजधानीही नागपूरच होती. नोकरी-व्यवसायानिमित्त येथे स्थायिक झालेल्या घरांतील वृद्ध स्त्रिया सुती नऊवारी लुगडे नेसत. नऊवारीत कापड अधिक लागते हे खरे. तथापि तिला परकर लागत नाही, आणि काष्ट्यामुळे दोन्ही पायांभोवती कापड स्वतंत्रपणे गुंडाळले जाते. भरदार बांध्याच्या स्त्रीला उन्हाळ्यात जो त्रास सर्वांत अधिक होतो आणि ज्याविषयी वेशभूषेच्या पुस्तकांत सहसा एक शब्दही नसतो, तो म्हणजे चालताना मांड्या एकमेकींवर घासून कातडी सोलवटणे. काष्ट्याचे लुगडे नेसणारीला हा त्रास फारसा होत नसे. गोल पातळ नेसू लागलेल्या तिच्या सुनेला व नातीला तो होऊ लागला. आज नऊवारीकडे परत जाण्याचे कारण नाही. गोल साडीच्या किंवा झग्याच्या आत गुडघ्यापर्यंतची सैल, सुती, आखूड विजार घातली की तेच काम होते.

आता कापडाकडे वळू, कारण खरी अडचण तेथेच आहे. भरदार बांध्यावर जे कापड सर्वांत चांगले दिसते ते उन्हाळ्यात सोसवत नाही, आणि जे सोसवते ते चांगले दिसत नाही, असा अनेकींचा अनुभव असतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे जॉर्जेट अंगावरून पाण्यासारखे उतरते, फुगत नाही, इस्त्रीही मागत नाही. परंतु पॉलिएस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी ओलावा धरतो, तर कापूस नेहमीच्या हवेत साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा सामावून घेतो. घाम त्वचेवरून उचलला जाऊन त्याची वाफ झाली तरच शरीर निवते. जॉर्जेटमध्ये तो अंगावरच राहतो. उलट, कडक खळ दिलेली सुती साडी हवेला वाट देते, पण अंगापासून दूर उभी राहते आणि ठेंगण्या स्त्रीला तंबूचे रूप आणते.

यातून निघण्याचा मार्ग कापसाच्या जातीत नसून त्याच्या पोतात आणि पडण्यात आहे. मलमल, मऊ वॉयल आणि अनेकदा धुऊन नरम झालेली हातमागाची साडी या तिन्ही प्रकारांत कापूस असूनही कापड खाली पडते. खळ द्यायचीच असेल तर अगदी पातळ, भाताच्या पेजेची द्यावी. मध्य प्रदेशातील दोन प्रसिद्ध साड्यांची तुलना येथे उद्‌बोधक ठरेल. चंदेरीत पारंपरिक पद्धतीने रेशमाचा जो धागा वापरतात, त्याचा नैसर्गिक डिंक काढलेला नसतो. त्यामुळे कापडाला झळाळी येते, पण ताठपणाही येतो, आणि ते अंगापासून सुटे राहते. महेश्वरी साडीत बहुधा उभा धागा रेशमाचा व आडवा कापसाचा असतो. ती हलकी असून चांगली पडते, आणि तिचे काठही सहसा बेताचे असतात. अहल्याबाई होळकरांच्या काळाशी परंपरेने जोडली जाणारी ही विणकरी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस महेश्वर येथे स्थापन झालेल्या रेहवा सोसायटीमुळे पुन्हा सावरली. ठेंगण्या बांध्याच्या स्त्रीने या दोहोंतून उन्हाळ्यासाठी एक निवडायची झाल्यास महेश्वरी निवडावी. चंदेरी थंडीतील लग्नसमारंभासाठी ठेवावी.

जिला एवढी किंमत परवडत नाही तिला व्हिस्कोस, म्हणजे बाजारात ‘रेयॉन’ या नावाने मिळणारे कापड उपलब्ध आहे. हे कापड लाकडाच्या लगद्यापासून तयार होते. मध्य प्रदेशातच नागदा येथे १९५४ पासून त्याच्या तंतूचे उत्पादन होत आले आहे. ते कापसाहूनही अधिक ओलावा धरते आणि जॉर्जेटसारखे पडते. त्याचे दोन दोष मात्र माहीत असावेत. ओले असताना ते दुबळे होते, म्हणून धुताना पिळू नये. आणि पहिल्या धुण्यात ते आटते, म्हणून शिंप्याकडे देण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवून घ्यावे.

रंग आणि रेघा यांविषयी जे बोलले जाते त्यातील बरेचसे ऐकीव आहे. उभ्या रेघांनी माणूस उंच व बारीक दिसतो, हे वाक्य सर्वांच्या तोंडी असते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या दृष्टिविषयक ग्रंथात याच्या उलट दाखवून दिले होते. सारख्या आकाराच्या दोन चौरसांपैकी आडव्या रेघांनी भरलेला चौरस अधिक उंच आणि अरुंद भासतो. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये मानवी आकृतींवर हाच प्रयोग केला, तेव्हाही आडव्या रेघांनी जाडी वाढल्याचे आढळले नाही. २०१३ मध्ये जपानी संशोधकांना मात्र असे दिसले की, हा लाभ सडपातळ आकृतीलाच होतो, भरदार आकृतीला तितका होत नाही. तात्पर्य, आवडते आडव्या रेघांचे कापड केवळ भीतीपोटी टाकून देण्याचे कारण नाही आणि उभ्या रेघांवर फार विसंबण्याचेही नाही. रेघ बारीक असावी, ठसा लहान असावा, एवढे पुरे. तळहाताएवढे फूल पाच फुटांच्या आकृतीवर मोजकेच मावते आणि नेमके नको तेथे येऊन बसते.

काळ्या रंगाचेही तसेच. वाळवंटातील बेदुइन लोक काळे झगे का घालतात याचा शोध घेणाऱ्या संशोधकांना १९८० मध्ये असे आढळले की, काळ्या व पांढऱ्या झग्यांत शरीराला मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते. काळे कापड अधिक तापते, पण झगा सैल असल्यामुळे ती उष्णता आतील खेळत्या हवेबरोबर निघून जाते. काळा रंग सडपातळ दाखवतो म्हणून घट्ट काळे पोलके घालणाऱ्या स्त्रीने हा निष्कर्ष स्वतःला लागू करू नये, कारण घट्टपणात हवेला जागाच उरत नाही. याहून अधिक उपयोगी युक्ती म्हणजे कुर्ता आणि सलवार एकाच रंगछटेचे घेणे. कमरेखाली रंग बदलला की आकृती दोन तुकड्यांत कापली जाते. एकच फिका निळा किंवा बदामी रंग खांद्यापासून पायापर्यंत गेला की नजर अडत नाही, आणि फिका रंग असल्याने उन्हाचा तापही कमी पोहोचतो. ओढणी दोन्ही खांद्यांवरून पसरून न घेता एका खांद्यावरून सरळ सोडली तर तीही एक उभी रेषा तयार करते. भर दुपारी बाहेर पडताना मात्र सूर्य माथ्यावर असल्याने तिचे स्थान डोक्यावरच.

जबलपूर हे सलवार-कुर्त्याच्या तयार कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि पनागरच्या स्त्रियांची बरीचशी खरेदी तेथेच होते. तयार कुर्ता घेताना छातीचे माप जुळले की काम झाले असे समजले जाते. प्रत्यक्षात ठेंगण्या स्त्रीने सर्वांत आधी खांदा पाहावा. खांद्याची शिवण दंडावर उतरली असेल तर पुढचे सारे बिघडते, आणि ती दुरुस्त करणे सर्वांत अवघड असते. लांबी कमी करणे सोपे आहे, पण कुर्ता खालून कापला की बाजूची चीर, जिला तिकडचे शिंपी ‘चाक’ म्हणतात, आखूड होते आणि चालताना कापड नितंबांवर ताणले जाते. म्हणून लांबी कापताना चीरही वर उसवून घेण्यास सांगावे. कुर्त्याची कड पोटरीच्या सर्वांत रुंद भागावर येऊ देऊ नये. ती गुडघ्याशी किंवा किंचित खाली संपावी. बाहीचेही असेच आहे. छातीच्या सर्वांत भरदार रेषेवर संपणारी बाही ती रेषा अधिक रुंद करते. कोपरापर्यंतची सैल बाही दंडही झाकते आणि वाराही घेते.

मुंढ्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. दंड भरदार असला की शिंपी मुंढा खोल कापतो, आणि स्त्रीलाही ते मोकळे वाटते. परंतु मुंढा जितका खोल तितका हात वर करताना सगळा कपडा वर खेचला जातो. मुंढा बेताचाच ठेवून बगलेत चौकोनी तुकडा बसवावा. उत्तरेकडील शिवणकामात त्याला चौबगला म्हणतात. घाम सर्वांत आधी कापड कुजवतो ते याच ठिकाणी, आणि तुकडा उसवून नवा लावणे सोपे जाते.

माप देताना पोट आत ओढून उभे राहण्याचा मोह अनेकींना होतो. शिंपी त्याच मापाचे शिवतो आणि दोष नंतर त्याच्या माथी येतो. माप नेहमीच्या अंतर्वस्त्रांवर, नेहमीसारखा श्वास घेत द्यावे; उन्हाळ्याच्या कुर्त्याला छातीच्या मापापेक्षा तीन-चार इंच मोकळीक ठेवण्यास सांगावे. कपडा हाती आल्यावर तो आरशासमोर उभे राहून पाहणे पुरेसे नाही. जमिनीवर मांडी घालून बसावे, फळीवरचा डबा काढावा तसे दोन्ही हात वर करावेत, एक जिना चढून उतरावे. खालची कड शेवटी, आणि रोज ज्या चपला घालावयाच्या त्याच घालून ठरवावी. पाच फूट उंचीत टाचेचा एक इंचही लहान नसतो.