गेलेली होडी परत कशी येते?

आमचे हिंगणा गाव वेणा नदीच्या काठी आहे. पण समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. आमच्या भागातील तलावांवर ढीवर बांधवांचा डोंगा दिसतो. तो बांबूने रेटतात किंवा वल्ह्याने चालवतात. त्याला शीड नसते. त्यामुळे काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांनी आणि मी मिळून एक लहान शिडाची होडी बांधली व जवळच्या तलावावर नेली, तेव्हा ती पाहायला बरीच मंडळी जमली.

होडी पाण्यात सोडली. शीड फुगले आणि होडी दिमाखात पलीकडच्या काठाकडे निघाली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. परंतु परतायची वेळ आली तेव्हा होडीतल्या मुलाने सुकाणू कितीही फिरवले तरी होडीचे नाक वाऱ्याकडे वळेना. ते पुन्हा पुन्हा पलीकडच्या काठाकडेच फिरे. अखेर आम्ही बांधावरून चालत गेलो आणि चौघांनी होडी उचलून परत आणली. काठावर जाळे दुरुस्त करीत बसलेले एक वृद्ध ढीवर म्हणाले, “मास्तर, वाऱ्यासंगं तं लाकूडबी जाते. वापस यायले शिकवा तिले.”

शिडाच्या होडीचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत आहे. अशी होडी कशी बांधतात, आमचे कोठे चुकले आणि ती परत यायला कशी शिकली, ते आता पाहू.

प्लायवूडची होडी

१९४७ साली अमेरिकेत क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी एक छोटी होडी आखली. प्लायवूडचा ताव आठ फूट लांब मिळतो, म्हणून होडीही त्याच मर्यादेत बसवली. ही ‘ऑप्टिमिस्ट’ होडी सुमारे २.३ मीटर लांब असते, तिचे वजन सुमारे ३५ किलोग्रॅम आणि शिडाचे क्षेत्रफळ सुमारे ३.३ चौरस मीटर असते. आज जगभरची मुले शिडाचे पहिले धडे हिच्यावर घेतात. त्यासाठी समुद्रच हवा असे नाही. खडकवासल्याच्या जलाशयावर आणि हैदराबादच्या हुसेनसागरावरही शिडाच्या होड्या चालतात.

आम्ही साधारण याच मापाची, सपाट तळाची होडी केली. प्लायवूड घेताना त्यावर ‘आय.एस. ७१०’ हे भारतीय मानक आहे ना, ते पाहिले. ते पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचे मानक आहे. साधे प्लायवूड भिजले की त्याचे थर सुटतात. कडांच्या पट्ट्यांसाठी विदर्भातले सागवान घेतले.

तळ, दोन बाजू आणि पुढचे-मागचे तुकडे कापून कडांना ठरावीक अंतरावर बारीक भोके पाडली. त्यांतून तांब्याची तार ओवून तुकडे एकमेकांना बांधले, म्हणजे होडी चक्क शिवली. मग आतील सांध्यांत इपॉक्सी आणि लाकडाचा बारीक भुसा यांचे मिश्रण भरले. ते कडक झाल्यावर तारा काढून टाकल्या व सांध्यांवर काचतंतूची पट्टी चिकटवली. होडी शिवणे ही कल्पना नवी नाही. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकाच्या सुमाराच्या जहाजाच्या चित्रावरून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २०२५ साली भारतीय नौदलात दाखल झाले. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत.

होडी किती बुडेल?

होडी ३५ किलोग्रॅम, डोलकाठी-शीड वगैरे १० आणि विद्यार्थी ४५, असे एकूण ९० किलोग्रॅम धरू. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे होडीने ९० किलोग्रॅम पाणी बाजूला सारले पाहिजे. गोड्या पाण्याची घनता दर घनमीटरला १००० किलोग्रॅम असते, म्हणजे ०.०९ घनमीटर पाणी. तळाचे क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर असेल, तर होडी ०.०९ ÷ १.५ = ०.०६ मीटर, म्हणजे फक्त ६ सेंटिमीटर बुडेल.

हा आकडा पुढे उपयोगी पडतो. होडीच्या तळाला आपण एक फट पाडणार आहोत. फटीतून पाणी आत येईल ना? येईल, पण फटीभोवती उभी पेटी बसवली की पेटीतले पाणी बाहेरच्या पाण्याच्या पातळीइतकेच, म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटरच चढेल. आम्ही पेटी ३० सेंटिमीटर उंच केली. लाटा आल्या तरी पाणी होडीत आले नाही.

वारा बाजूने, होडी पुढे

ही फट कशासाठी? तीतून एक उभी फळी पाण्यात सोडायची असते. तिचे काम समजण्यासाठी सीताफळाची ओली बी दोन बोटांच्या चिमटीत दाबा. तुमची बोटे बाजूंनी दाबतात, पण बी सुळकन पुढे उडते. शिडाच्या होडीचे एक बोट म्हणजे वारा आणि दुसरे बोट म्हणजे पाणी.

समजा, वारा होडीच्या डाव्या बाजूने ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने येत आहे. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर वाऱ्याचा दाब ½ × १.२ × ५ × ५ = १५ न्यूटन प्रति चौरस मीटर होतो. ३.३ चौरस मीटरच्या शिडावर ढोबळमानाने ५० न्यूटन बल येईल. हे बल शिडाच्या पृष्ठाला साधारण लंब असते. शीड असे धरले की हे बल होडीच्या पुढच्या दिशेशी ७० अंशांचा कोन करील. आता बलाचे दोन घटक करा :

पुढे ढकलणारा घटक = ५० × कोज्या ७०° = सुमारे १७ न्यूटन.
बाजूला ढकलणारा घटक = ५० × ज्या ७०° = सुमारे ४७ न्यूटन.

बाजूचे बल पुढच्या बलाच्या जवळजवळ तिप्पट आहे! सपाट तळाची होडी यामुळे बाजूलाच वाहत जाईल. पण उभी फळी खाली सोडली की तिचे रुंद अंग पाण्याला अडते व ४७ न्यूटनांचा तोल पाणी सांभाळते. पुढे जाताना मात्र फळीची फक्त पातळ कड पाणी कापते. म्हणून १७ न्यूटन पुरतात आणि होडी पुढे जाते. ती थोडी तिरपी सरकते, पण वाहून जात नाही.

आमची चूक

आमच्या होडीत फळी होती. तरी ती परत का आली नाही? बसायची जागा मोकळी राहावी म्हणून आम्ही फळीची फट सोयीसाठी मागे पाडली होती. तेथेच घोटाळा झाला.

शिडावरचे सारे बल एका बिंदूतून कार्य करते असे मानू. त्याला शिडाचा मध्य म्हणू. तसेच पाण्याचे विरोधी बल फळीच्या मध्याजवळ लागते. ही दोन बले समान व विरुद्ध असली तरी एका रेषेत नसतील, तर त्यांचे युग्म होते आणि होडी फिरते; दरवाजा बिजागरीभोवती फिरतो तशी. शिडाचा मध्य फळीच्या पुढे असेल, तर वारा होडीचे नाक ढकलून वाऱ्यापासून दूर फिरवतो. होडी वाऱ्याबरोबर पळत सुटते. तो मध्य किंचित मागे असेल, तर होडीचे नाक वाऱ्याकडे वळते, शीड फडफडते आणि होडी थांबते.

आता विचार करा, बसणाऱ्याच्या हातून सुकाणू सुटले, तर यांपैकी कोणती होडी बरी? अर्थात दुसरी. चुकल्यावर थांबणारी होडी माणसाला वाचवते. चुकल्यावर पळणारी त्याला दूर घेऊन जाते. आमची पहिली जातीची होती.

नवी फट पाडायची तर तळ पुन्हा कापावा लागणार. मग एका मुलीने सुचवले, “सर, फळी पुढे आणण्याऐवजी शीड मागे नेले तर?” डोलकाठी ५ अंश मागे कलती केली. शिडाचा मध्य डोलकाठीच्या बुंध्यापासून १.५ मीटर उंच होता, तो १.५ × ज्या ५° = ०.१३ मीटर, म्हणजे १३ सेंटिमीटर मागे सरकला. एवढ्याने काम झाले. होडी चालताना हे दोन्ही मध्य थोडे सरकतात, म्हणून कागदावरच्या गणितानंतर पाण्यात पारख करावीच लागते. सुकाणू सोडले की होडी सावकाश वाऱ्याकडे वळावी, ही खूण.

उलटण्याचे गणित

बाजूचे ४७ न्यूटन बल होडीला कलतेही करते. शिडाचा मध्य आणि फळीचा मध्य यांत उभे अंतर १.७ मीटर असेल, तर आघूर्ण ४७ × १.७ = सुमारे ८० न्यूटन-मीटर. ४५ किलोग्रॅमचा विद्यार्थी वाऱ्याच्या बाजूला मध्यापासून अर्धा मीटर सरकून बसला, तर त्याचे आघूर्ण ४५ × ९.८ × ०.५ = सुमारे २२० न्यूटन-मीटर. होडी सुरक्षित आहे.

पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर? दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बल चौपट होते. आघूर्ण ३२० न्यूटन-मीटर. रुंद तळाची थोडी मदत धरली तरी विद्यार्थी कमी पडेल. म्हणून शिडाचा दोर कधीही गाठ मारून बांधायचा नाही, हातातच धरायचा. जोराची झुळूक आली की सैल सोडायचा. शीड फडफडले की बल जवळजवळ नाहीसे होते.

वाऱ्याच्या समोर

थेट वाऱ्याच्या तोंडी कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. ती वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी जाते. वाऱ्याच्या दिशेला १०० मीटर गाठायचे तर पायथागोरसच्या सिद्धान्ताप्रमाणे सुमारे १४१ मीटर जावे लागते. त्या दिवशी आमच्या होडीने तलावावर सात वळणे घेतली आणि निघाल्या काठाला लागली. ढीवरबाबांनी जाळे बाजूला ठेवले आणि नाक हाताने धरून होडी काठावर ओढली.

करून पाहा

३० सेंटिमीटर लांब फळीचे होडीसारखे नाक तासा. पुठ्ठ्याचे शीड, बांबूच्या काडीची डोलकाठी आणि पत्र्याची उभी फळी करा. फळीसाठी तळाला पुढे, मध्ये व मागे अशा तीन खाचा ठेवा. पुठ्ठ्याचे शीड दोन वेगवेगळ्या टोकांनी दोऱ्याला टांगून ओळंब्याच्या रेघा काढा; त्या जेथे छेदतात तो शिडाचा मध्य. हौदात नमुना सोडून बाजूने हातपंख्याने वारा घाला. विजेचा पंखा पाण्याजवळ मुळीच नको. फळी प्रत्येक खाचेत बसवून होडीचे नाक कोणीकडे वळते, त्याची नोंद करा.

खरी होडी बांधणार असाल, तर शिक्षक, पोहता येणारी मोठी माणसे आणि तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी हवीच. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे. होडीत २० लिटरचे चार बंद रिकामे कॅन घट्ट बांधा. पाणी भरले तरी ते सुमारे ८० किलोग्रॅम भार उचलून धरतील.

विचार करा

१. हीच होडी समुद्रात (घनता १०२५) किती बुडेल?
२. वाऱ्याचा वेग तिप्पट झाला, तर शिडावरचे बल किती पट होईल?
३. उभी फळी पूर्ण वर ओढून घेतली, तर होडी कोणत्या दिशेला जाईल? अशी फळी वर घेणे केव्हा सोयीचे ठरेल?