विश्वासाचे बळ कोठवर?

नुसत्या विश्वासाने दुखणे बरे होते काय? कोणी म्हणतो, हा सारा मनाचा खेळ. कोणी म्हणतो, भाव खरा असला म्हणजे औषध कशाला? आम्हांस ही दोन्ही बोलणी अर्धवट वाटतात. वैद्यकशास्त्राने ही गोष्ट मोजून पाहिली आहे, ती आधी ऐकू.

औषधासारखी दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी किंवा फवारा रोग्याला देतात, त्यास प्लासिबो म्हणतात. आपण त्याला पोकळ औषध म्हणू. २०११ साली अमेरिकेत ३९ दमेकऱ्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात त्याच रोग्यांना कधी खरा पंप दिला, कधी पोकळ पंप, तर कधी काहीच दिले नाही. मग बरे किती वाटले ते विचारले. खऱ्या पंपाने शेकडा ५० आराम, पोकळ पंपाने ४५, काही न देता २१, असे उत्तर आले. पण यंत्रात फुंकर घालायला लावली तेव्हा निराळेच दिसले! पहिल्या सेकंदात बाहेर पडणारा श्वास खऱ्या पंपाने शेकडा २० वाढला. पोकळ पंपाने अवघा ७, आणि काही न देताही तेवढाच.

मग तो आराम खोटा होता काय? नाही. १९७८ साली दाढ काढलेल्या रोग्यांवर झालेला प्रयोग पाहा. पोकळ औषधाने ज्यांची कळ कमी झाली, त्यांना नॅलोक्झोन दिले. हे औषध अफूसारख्या द्रव्यांचे काम अडवते. लागलीच त्यांची कळ वाढली. म्हणजे विश्वास बसला की शरीर स्वतःच वेदनाशामक द्रव्य सोडते, असे अनुमान निघाले.

तात्पर्य काय, तर विश्वास कळ हलकी करतो, धीर देतो; आवळलेली श्वासनळी मात्र तो उघडीत नाही. कुत्रा भुंकायचा थांबला म्हणून चोर गेला असे समजू नये. यासाठी आमचे सांगणे एवढेच की, वारीला निघताना दम्याचा पंप, साखरेचे औषध पडशीत असू द्यावे. बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता ते सोडू नये, दुसऱ्यालाही सोडायला लावू नये. आजाऱ्याशी दोन गोड शब्द जरूर बोलावे. त्यांचाही गुण येतो. पण धाप लागली की आधी पंप हाती द्यावा, मग धीर.