हळदीतला परका रंग

मुलांनो, वरणात, भाजीत, लग्नाच्या मांडवात हळद आपल्या रोजच्या ओळखीची. तिचा पिवळेपणा कर्क्यूमिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. चुन्यानेही तसेच होते. हळदीचे कुंकू करतात ते याच गुणामुळे.

पण कधी कधी हळदीत परके रंग शिरतात. एक मेटॅनिल यलो, कापड-कातडे रंगवायचा. दुसरा लेड क्रोमेट. यात शिसे असते. पेंटमध्ये, रस्त्यावरच्या पिवळ्या पट्ट्यांत हा पूर्वी फार वापरत. आता पेंटचा रंग हळदीत जातोच कशाला?

बघा, वावरातून काढलेली हळकुंडं शिजवतात, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात, मग पिंपात घालून घोळतात. साल निघून ती गुळगुळीत होतात. याला पॉलिश म्हणतात. हळकुंड भिजलं किंवा नीट वाळलं नाही तर काळपट दिसतं आणि भाव पडतो. मग पॉलिश करतानाच रंग टाकला की माल कसा सोन्यासारखा! बांगलादेशात १९८० च्या दशकात पुराने हळद भिजली, तेव्हापासून ही खोड लागली असे तिथल्या संशोधकांना आढळले. गिऱ्हाईकही पिवळीधम्मक हळदच मागतं, हेही खरं.

शिसे शरीरात साचत जाते. मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या अंगात ते जास्त शोषले जाते आणि मेंदूच्या वाढीला बाधा आणते. पोर वरून धडधाकट दिसतं, पण शिकणं जड जातं. एवढं शिसं पोटात गेलं तर चालेल, असं प्रमाणच नाही.

आपल्या देशात १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या जागी २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला. तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. मिठाईसारख्या ठरावीक पदार्थांत आठ कृत्रिम रंग चालतात, तेही साधारणपणे किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंतच. गणित करा: मंडईत हलवायाने १० किलो मिठाई केली, तर रंग १ ग्रॅमच्या आतच हवा. चिमूटही नाही! हळद पावडरीत मात्र या आठांपैकी एकही रंग चालत नाही.

बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. छापे पडले, दंड झाले, वर्तमानपत्रांतून इशारे छापले. २०२१ साली असा एकही नमुना सापडला नाही.

घरी एक करून बघा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात आख्खं हळकुंड सोडा. चांगलं असेल तर पाणी रंगत नाही. वरून रंग दिला असेल तर लगेच पिवळं होतं. पावडर असेल तर चमचाभर पाण्यात टाकून ठेवा. खरी हळद खाली बसते आणि वर फिकट पिवळं पाणी राहतं. गडद पिवळं राहिलं तर शंका घ्यावी. अर्थात ही घरगुती परीक्षा. पक्का निकाल प्रयोगशाळेचाच.

तो मिळवायचा हक्क गिऱ्हाइकालाही आहे, बरं का! कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे फी भरून कोणीही नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. माल कायद्याबाहेरचा निघाला तर फी परत मिळते. मात्र विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं.