खिद्रापूरला उजेड असताना पोचा

गेल्या डिसेंबरात पुण्याचे पाहुणे आले आणि आम्ही चौदा जणांसाठी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. अंबाबाई, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा, नृसिंहवाडी, खिद्रापूर. सगळं एका दिवसात. यादी मीच काढली होती. गाडीवाला म्हणाला, "होतंय की सगळं," आणि जन्म कोल्हापुरात काढलेल्या मला दिशांचा विचारही सुचला नाही. पन्हाळा शहराच्या वायव्येला वीसेक किलोमीटर, तर खिद्रापूर पूर्वेला साठाच्या आसपास. दोन्ही एका दिवसात घेणं म्हणजे सगळा वेळ रस्त्यावर घालवणं.

त्यात रविवार. अंबाबाईच्या रांगेतच अडीच तास गेले. न्यू पॅलेस वगळला, तरी पन्हाळ्यावर पोचायला दुपार झाली. भाचा चौथीत आहे, म्हणजे शाळेत वर्षभर शिवाजी महाराजांचाच इतिहास. त्याला एकच गोष्ट बघायची होती. "मामा, महाराज वेढ्यातून निसटले ती वाट कुठली?" 1660 साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला होता आणि जुलैतल्या पावसाळी रात्री महाराज राजदिंडीच्या वाटेनं उतरले. ती राजदिंडी मी त्याला दाखवली नाही. तीन दरवाजा बघितला, अंबरखान्याची धान्याची कोठारं बाहेरून बघितली, अंधारबावीच्या पायऱ्या निम्म्या उतरलो आणि मीच "चला, चला" करत सगळ्यांना वर आणलं. परत जाताना पोरगं गप्प होतं.

जेवायला मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा सांगितला. आत्यानं ताट बाजूला सारलं. "संध्याकाळी दत्ताच्या पायरीवर जायचंय ना?" तिचं बरोबर होतं. ज्या दिवशी नृसिंहवाडीच्या दत्ताला जायचं, त्या दिवशी आमच्या घरात मटण नसतं, हे मला ठाऊक असून मी जेवणाची जागा बदलली नाही. पुढं वाडीला निम्मी मंडळी गाडीतच बसून राहिली.

जोतिबाचा घाट उतरताना दोन मुलांना गाडी लागली, तिथं आणखी थांबावं लागलं. खिद्रापूरला उतरलो तेव्हा पावणेसात वाजले होते. डिसेंबरात सहालाच सूर्य मावळतो.

आत्या शहात्तर वर्षांची. तीस वर्षं तिनं शाळेत इतिहास शिकवला, पण इथलं कोपेश्वराचं मंदिर बघितलं नव्हतं. शिलाहारांनी बाराव्या शतकात बांधायला घेतलेलं हे देऊळ. त्याच्या स्वर्गमंडपाला मध्यभागी छत नाही. वर गोल मोकळं आभाळ, खाली तेवढीच गोल शिळा, भोवती 48 खांब. उजेड वरून येतो तेव्हाच तो मंडप कळतो. आम्ही मोबाईलच्या बॅटऱ्या लावून फिरत होतो. मंदिराच्या पायाशी दगडी हत्तींची ओळ आहे. आत्या त्यातल्या एका हत्तीच्या सोंडेवर तळवा ठेवून उभी राहिली, अंधारात चाचपून बघितल्यासारखी. "उजेडात बघायला हवं होतं रे," एवढंच म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून सांगतो, दोन दिवस काढा. नाहीच जमलं तर निम्मी ठिकाणं सोडा, पण पूर्व आणि पश्चिम एका दिवसात बांधू नका. पन्हाळा-जोतिबा एका दिवशी. पन्हाळ्याला किमान चार तास, त्यात राजदिंडी आणि सज्जाकोठी धरून. मांसाहारी जेवण करायचंच तर जोतिबाचं दर्शन आधी उरका. दुसऱ्या दिवशी सरळ खिद्रापूर गाठा आणि ऊन डोक्यावर येईतो तिथं थांबा. मग वाडीत येऊन दर्शन, जेवण, बासुंदी. खिद्रापूरला शंकरापुढं नंदी नाही, तो नदीपल्याड कर्नाटकात येडूरला आहे; ही गोष्ट मुलांना गाडीतच सांगून ठेवा, म्हणजे आत गेल्यावर ती स्वतः शोधतात. अंबाबाई आणि टाऊन हॉलचं संग्रहालय शहरातल्या मोकळ्या सकाळसाठी ठेवा. ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती त्या संग्रहालयाची शान आहे. सोमवारी मात्र ते बंद असतं.

पावसाळ्यात शिरोळ तालुक्याचा, म्हणजे वाडी-खिद्रापूरचा, बेत करू नका. कृष्णा-पंचगंगा चढल्या की वाडीचं दत्तमंदिर पाण्याखाली जातं, रस्ते बंद होतात; 2019 आणि 2021 चे महापूर आम्ही विसरलेलो नाही. आणि वयस्कर माणसांना मागच्या सीटवर बसवू नका. सगळे हादरे तिथंच बसतात. आत्या दिवसभर तिथं बसली होती आणि एका शब्दानं बोलली नाही; ते मी विचारायला हवं होतं.

फेब्रुवारीत तिला पुन्हा नेलं. फक्त खिद्रापूर. मंडपात वरून ऊन उतरलं होतं, ती खांबाला टेकून तासभर बसली. तुमच्या घरात सत्तरीपुढचं कुणी असेल आणि त्यांनी हे देऊळ बघितलं नसेल, तर बाकी यादी बाजूला ठेवा आणि आधी त्यांना तिथं घेऊन जा.