रंगाखाली अडलेला करंट

रंगकाम होऊन आलेली जुनी गाडी सुरू होत नसेल, तर बिघाड आधी त्या रंगकामातच शोधावा. हे मला उमगेपर्यंत नवी बॅटरी, स्टार्टरची दुरुस्ती आणि नवी कॉइल एवढा खर्च होऊन गेला होता.

गाडी वडिलांची, प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा. कुर्ल्यात एलबीएस मार्गावरच्या कारखान्यात ती बनली. आम्ही त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, मुलुंडला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३अखेर रस्त्यावरून गेली. सुटे भाग आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हुडकावे लागतात, म्हणून अंदाजाने भाग बदलणं परवडत नाही.

किल्ली फिरवली की स्टार्टर कण्हायचा, हेडलाइट मंद व्हायचे. मी बॅटरीवर ठपका ठेवला, मग स्टार्टरवर. त्याच वेळी चोकची तार हाताला चटका देत होती. तिकडे मी लक्षच दिलं नाही. घाटकोपरच्या एका वयस्कर मिस्त्रींनी तार चाचपली आणि पाना उचलण्याआधी विचारलं, “रंग केव्हा दिलात?”

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. करंट परतायला इंजिन आणि बॉडी यांच्यात अर्थिंगची जाड पट्टी लागते. ती मी नव्या रंगावरच आवळली होती, आणि रंगातून वीज जात नाही. स्टार्टरचा सारा भार चोकच्या त्या बारीक तारेवर पडत होता. अशाने आगही लागू शकते. मिस्त्रींनी बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला. गाडी लगेच सुरू झाली.

तेव्हा आधी मोजा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कुणाला तरी किल्ली मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंग कच्चं आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. काढलेला भाग जपून ठेवा. बाजारातल्या नव्या नकलेपेक्षा जुना अस्सल भाग पुष्कळदा चांगला निघतो.

न मोजता बदलावी अशी एकच वस्तू आहे: पेट्रोलची रबरी नळी. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर फुगतं, चिरतं आणि पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकतं. इथेनॉलला टिकणारी नळी बसवल्याशिवाय इंजिन सुरूच करू नका.