मोट, पंप आणि पाण्याचें वजन

सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यास पाण्याची किंमत सांगावयास नको. परंतु तें पाणी वर आणण्यास नेमके किती श्रम पडतात, याचा हिशेब फार थोडे लोक ठेवितात. त्यास त्रैराशिकापलीकडे गणित लागत नाहीं.

एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. तें उचलण्यास जो जोर लागतो, त्यास शास्त्रांत बल किंवा प्रेरणा म्हणतात. जोर लावून पाणी जितकें वर नेलें, तितकें कार्य झालें. आणि तें किती वेळांत झालें, यावरून शक्ति ठरते. बैल ओढीत असतांही मोट जागची हालली नाहीं, तर जोर पुष्कळ लागला, पण कार्य शून्य!

समजा, मोटेंत १५० लिटर पाणी मावतें व विहीर १० मीटर खोल आहे. एका खेपेस १,५०० किलो-मीटर कार्य झालें. बैल अर्ध्या मिनिटांत धांव उतरले, तर दर सेकंदास ५० किलो-मीटर पडले. अश्वशक्तीचें माप जेम्स वॅट यानें घोड्याच्या कामाशीं ताडून ठरविलें. मेट्रिक मापानें ती सेकंदास ७५ किलो-मीटर होते. म्हणजे ही जोडी उतरतांना दोन-तृतीयांश अश्वशक्ति देते. धांवेच्या उतारावर बैलांचें स्वतःचें वजन ओढीस मदत करतें खरें, पण परत चढतांना तेंच वजन त्यांस वर न्यावें लागतें. येण्याजाण्यास एक मिनिट धरिलें, तर सरासरी एक-तृतीयांशच उरते.

आतां एक एकर जमिनीवर सुमारें एक इंच पाणी द्यावयाचें, म्हणजे एक लाख लिटर उपसावयाचें. कार्य झालें १० लक्ष किलो-मीटर. मोटेस ६६७ खेपा, म्हणजे अकरा तास. तीन अश्वशक्तीच्या पंपाची निम्मी शक्ति घर्षणांत गेली असें धरिलें, तरी तो हें काम अडीच तासांत करितो. वीज जाईल सुमारें साडेपांच युनिट. तेंच पाणी ६० मीटर खोल कूपनलिकेंतून काढल्यास सहापट, म्हणजे तेहतीस युनिट लागतील. खोलीचा दंड असा रोकडा असतो.

१८७१ सालीं पूर्ण झालेला एकरुख तलाव किंवा १९८० सालीं पूर्ण झालेलें उजनी धरण यांचें पाणी कालव्यानें खालीं वाहतें. तेथें पृथ्वीच ओढण्याचें काम करिते. भीमेच्या पात्रांतून चढावर पाणी नेणाऱ्यास मात्र प्रत्येक मीटरचें मोल द्यावें लागतें.

पंपाविषयीं एक भ्रम दूर केला पाहिजे. किर्लोस्करवाडीस १९२६ च्या सुमारास पंप तयार होऊं लागल्यापासून हें यंत्र आपल्या परिचयाचें आहे; तरी काठावर बसविलेला पंप पाणी 'ओढतो', असेंच पुष्कळांस वाटतें. वस्तुतः पंप नळींतील हवा विरळ करितो, आणि बाहेरील हवेचा दाब पाणी वर ढकलितो. समुद्रकांठीं हा दाब सुमारें १०.३ मीटर पाणी तोलतो. साडेचारशें मीटर उंचीवरील सोलापुरास पावणेदहाच. नळीचें घर्षण व सांध्यांची गळती वजा जातां सहा मीटरांपलीकडे भरंवसा धरूं नये. पाणी खालीं गेलें, तर मोठें यंत्र घेण्यापेक्षां पंपच खालीं उतरवावा. वर ढकलण्यास ही मर्यादा नाहीं.

शेवटचा व महत्त्वाचा हिशेब विहिरीचा. ती सहा मीटर व्यासाची गोल असेल, तर वैशाखांत उपसा थांबवून तासाभरांत पाणी किती चढलें तें मोजावें. दहा सेंटिमीटर चढलें, तर आवक सुमारें २,८०० लिटर. वरील तीन अश्वशक्तीचा पंप तासास ४०,००० लिटर काढतो. तेथें पांच अश्वशक्तीचा बसविल्यास विहीर लवकर कोरडी पडेल, इतकेंच. यंत्र पाणी उचलतें, निर्माण करीत नाहीं. म्हणून कर्ज काढून मोठा पंप घेण्यापूर्वीं दोरी, घड्याळ व मोजपट्टी घेऊन एक दिवस विहिरीपाशीं घालवावा. त्या दिवसाची मजुरी वायां जाणार नाहीं.